पाच गिगाहर्ट्झच्या नादात स्क्रीन काळी पडली (ओव्हरक्लॉकिंग, अगदी पहिल्यापासून)

नवाकोरा

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून खातं उघडलं. स्वार्थी आहे, मान्य.

एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला छोटा पंखा. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, अशी खुमखुमी. एका व्हिडिओत एकाने बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) मल्टिप्लायर ५० केला, सेव्ह केलं, झाले ५ गिगाहर्ट्झ. दोन मिनिटांचं काम. मीही तेच केलं, व्होल्टेज 'ऑटो'वरच राहू दिलं. आता पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी ती काळीच. बायोससुद्धा उघडत नाही.

प्रोसेसर गेला का? घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

जुनाखिळा

गेला नाही. आधी पाणी प्या.

प्रोसेसरला न झेपणारा वेग दिला की तो सुरूच होत नाही, इतकंच झालंय. बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या की पुन्हा उठेल. मशीन बंद करा, पॉवर सप्लायची वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण दोनतीनदा दाबा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. मग बोर्डावर 'क्लिअर सीमॉस' लिहिलेल्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून ठेवा. पिना सापडल्या नाहीत तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. काही बोर्डांना मागच्या बाजूला यासाठी बटणच असतं.

इथे येऊन कळवा, मग पुढचं बोलू.

नवाकोरा

उठला! सेल काढला, बसवला, चालू झाला. काका, खूप खूप धन्यवाद. घड्याळ मात्र कुठल्या तरी जुन्याच तारखेला गेलंय.

आता घाबरलोय, पण खुमखुमी गेलेली नाही. पहिल्यापासून कोणी सांगेल का? मल्टिप्लायर म्हणजे काय इथपासून.

तापमापी

मी सांगतो. लांबेल, पण एकदाच लिहितो.

मदरबोर्ड प्रोसेसरला एक मूळ ठोका देतो, त्याला बेस क्लॉक म्हणतात. आजच्या मशीनवर तो १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो, तो मल्टिप्लायर. १०० गुणिले ४२ म्हणजे ४२००, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. तुम्ही ५० लावलात. तुमच्या प्रोसेसरवर कंपनीने ३.७ बेस आणि ४.६ बूस्ट छापलंय, आणि तो बूस्ट एखाद्-दुसऱ्या कोअरसाठी (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), तोही थोडा वेळ. तुम्ही सहाच्या सहा कोअरना कायम ५ वर पळायला सांगितलंत.

बेस क्लॉकला हात लावू नका. त्याच्यासोबत इतरही गोष्टी हलतात आणि नेमकं काय बिघडलं ते शोधता शोधता दोन रविवार जातात. माझे गेलेत.

आता खरी गंमत व्होल्टेजची. ट्रान्झिस्टरला एका ठोक्यात आपली स्थिती बदलायची असते. वेग वाढला की त्यासाठी मिळणारा वेळ कमी होतो, आणि कमी वेळात बदल पुरा व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या सरळ प्रमाणात. हिशोब करून बघा. समजा ४.२ ला १.२० व्होल्ट लागत होते आणि ४.६ ला १.३५ लागले. वेग वाढला साडेनऊ टक्के. उष्णता? १.३५ भागिले १.२० म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग १.२६६, गुणिले १.०९५, म्हणजे साधारण १.३९. साडेनऊ टक्के वेगासाठी ३९ टक्के जास्त उष्णता. गरम चिपमधून गळती करंट वाढतो तो वेगळाच.

म्हणून तुमचा तो खोक्यातला पंखा. तो ६५ वॉटच्या चिपसाठी दिलेला आहे. त्याच्यावर ओव्हरक्लॉकिंग करायचं असेल तर करूच नका. टॉवर कूलर (उंच पात्यांचा मोठा कूलर) घ्या, मग बोलू.

आणि आज रात्री फक्त एवढंच करा: एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारा प्रोग्रॅम) उतरवा, सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला राबवून गुण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि मूळ सेटिंगवरचा स्कोअर, तापमान, वॉट कागदावर लिहून ठेवा. आधी काय होतं तेच माहीत नसेल तर नंतर काय मिळालं ते कसं कळणार?

काठावरचा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

नवाकोरा

लिहून ठेवलं. सगळे कोअर मिळून १०,८०० च्या आसपास, एका कोअरचा १,५७५. तापमान ८४.

पण एक गोष्ट बघून घाम फुटला. काहीही चालू नसताना व्होल्टेज १.४६ पर्यंत उडी मारतंय! तापमापींनी तर १.३५ लाच एवढी उष्णता सांगितली. बिघडलंय का?

रात्रपाळी

नाही बिघडलेलं. हा प्रश्न प्रत्येक रायझनवाला एकदा विचारतोच.

हलक्या कामात एखादा कोअर ४.६ च्या वर जातो, त्याला तेवढ्यापुरतं १.४५, कधी १.५ च्या जवळ व्होल्टेज मिळतं. पण त्या क्षणी करंट अगदी थोडा असतो. चिप झिजते ती व्होल्टेज, करंट आणि उष्णता हे तिन्ही एकत्र जमले की. सगळे कोअर कामाला लागले की प्रोसेसर आपणहून व्होल्टेज बराच खाली आणतो. सिनेबेंच चालू असताना बघा, दिसेल. धोका आहे तो हेच १.४५ तुम्ही हाताने कायमचं बांधून टाकण्यात.

तुमच्या 'ऑटो'बद्दलही सांगते. मल्टिप्लायर हाताने आणि व्होल्टेज ऑटो, हे सगळ्यात वाईट मिश्रण. मग बोर्ड स्वतःच्या अंदाजाने व्होल्टेज देतो आणि बोर्डांचे अंदाज सढळ हाताचे असतात. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतल्या काही थ्रीडी (जादा कॅश मेमरीच्या) चिपा अक्षरशः जळाल्या. रॅमचं प्रोफाइल (पट्टीवर छापलेला वेग लावणारी बायोसमधली सेटिंग) चालू केलं की बोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांचं) फार वर नेत होते. शेवटी एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

जुनाखिळा

आता माझी पाळी. नवाकोरा, तू लहान दिसतोस, अरेतुरे करतो, चालेल ना?

आमच्या वेळी (झालं, म्हातारा सुरू झाला म्हणा) ही कला गरजेची होती. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए घे. मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद, पण बस (तेव्हाचा मूळ ठोका) ६६ ची. ती १०० केली की ३०० ची चिप ४५०. दीडपट! आणि बहुतेक वेळा व्होल्टेजला हातही न लावता. एएमडीच्या एथलॉनच्या काळात तर चिपवरचे तुटलेले पूल (बारीक जोड) शिसपेन्सिलने जोडून मल्टिप्लायर उघडायचो, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. लोकांना खोटं वाटतं. क्वाड क्यू६६०० होता, २.४ चा, तो बस ३३३ करून सरळ ३.० वर बसायचा.

(अवांतर: ५ गिगाहर्ट्झचं एवढं काय घेऊन बसलात? २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स ८१५० द्रव हेलियम ओतून ८.४२९ गिगाहर्ट्झवर नेला होता. हेलियम उकळतो उणे २६९ अंशाला. अवांतर समाप्त.)

आता कामाचं. कूलर बदललास की असं कर. बायोसमध्ये व्होल्टेज १.२५ वर पक्कं बांध. मल्टिप्लायर ४४. विंडोज उघडलं, सिनेबेंच दहा मिनिटं चाललं, तापमान ८५ च्या खाली राहिलं, तर ४४.५. मग ४५. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायचं. जिथे अडेल तिथे व्होल्टेज एक पायरी वर. १.३० च्या आसपास थांब. तिथे जो वेग मिळेल तो तुझ्या चिपचा. शेजाऱ्याची चिप वेगळी निघेल, एकाच वेफरवरच्या (सिलिकॉनच्या चकतीवरच्या) दोन चिपा सारख्या नसतात, त्यावर रडायचं नाही.

रात्रपाळी

काका, आदर ठेवून सांगते, ५६००एक्सवर हे करणं म्हणजे घोड्याचे पाय एकत्र बांधून शर्यतीत उतरवणं.

सगळे कोअर ४.५ वर बांधले की एका कोअरच्या कामात तो आपणहून ४.६५ ला जायचा तेही बंद. सिनेबेंचचा मोठा आकडा वाढेल, रोजच्या कामातला चटपटीतपणा घटेल. सेलेरॉनच्या काळात कंपन्या वेग राखून ठेवायच्या, आपण तो काढून घ्यायचो. आता प्रोसेसर स्वतःच सेकंदाला कितीतरी वेळा तापमान, करंट, व्होल्टेज मोजून शक्य तेवढा वर जातो. त्याला थोडी मोकळीक द्यायची आणि व्होल्टेज थोडं कमी करायचं, म्हणजे त्याच उष्णतेत तो आपणहून आणखी वर जातो.

यासाठी दोन गोष्टी. पहिली पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह): ५६००एक्सला मूळ मर्यादा ७६ वॉट, ६० अँपिअर सलग आणि ९० अँपिअर क्षणिक अशा आहेत, त्या सैल करता येतात. दुसरी कर्व्ह ऑप्टिमायझर: प्रत्येक कोअरच्या व्होल्टेजच्या वक्राला उणे ३० पर्यंत सरकवता येतं, एकेक अंक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा.

जुनाखिळा

घोड्याचे पाय काय! बाई, हाताने बांधलेला वेग निदान कळतो तरी. तुमचं ते कर्व्ह म्हणजे प्रोसेसर करेल ते खरं. शिकायचं असेल तर आधी हाताने. गाडी शिकताना आपण गिअरचीच शिकलो ना?

शंकासुर

दोघांनाही माझा एकच प्रश्न, नेहमीचा. नवाकोरा हे करतोय कशासाठी? गेमसाठी असेल तर आधी बघा की ग्राफिक्स कार्ड ९८-९९ टक्क्यांवर आहे का. असेल तर प्रोसेसर तिथे त्याचीच वाट बघत बसलाय. रिझोल्यूशन जितकं जास्त तितकं हे खरं. आणि वॉरंटी? ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत, पीबीओसुद्धा त्यातच मोडतं.

नवाकोरा

शंकासुर, खरं सांगू? मजेसाठी. गेम आहेतच, पण मुख्य म्हणजे कळून घ्यायचंय.

शंकासुर

मग ठीक आहे. मजेला उत्तर नाही.

काठावरचा

मध्येच घुसतोय. माझ्याकडे इंटेल आहे, नावाच्या शेवटी 'के' नाही. मला काही करता येईल का?

तापमापी

मल्टिप्लायर नाही. इंटेलमध्ये 'के'वाली चिप आणि 'झेड' चिपसेटचा बोर्ड, दोन्ही लागतात. तुम्ही रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल लावा (बी५६० पासून पुढच्या बी बोर्डांवरही चालतं), कूलिंग सुधारा आणि स्वस्थ बसा. १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा असेल तर मात्र आधी बायोस अद्ययावत करा. त्यातल्या बऱ्याच चिपा जादा व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ वर अडवली. आधीच झिजलेली चिप त्याने सुधारत नाही.

नवाकोरा

(चार दिवसांनी)

टॉवर कूलर आला. पेस्ट लावताना हात थरथरले, जास्तच लागली असावी, पण मूळ सेटिंगवर तापमान ८४ वरून ६६ वर आलं. एवढ्यानेच स्कोअर थोडा वाढला, काहीही न करता!

मग काकांची पद्धत. १.२५ वर ४४ झालं, ४४.५ झालं, ४५ ला सिनेबेंच मध्येच बंद. व्होल्टेज वाढवत १.३० वर ४६ मिळालं. सगळे कोअर ११,५००. एका कोअरचा १,५५५, म्हणजे आधीपेक्षा कमी. रात्रपाळीताई, तुमचं खरं निघालं. तापमान ७९.

पण सिनेबेंच अर्धा तास व्यवस्थित चालतं आणि गेम वीस मिनिटांत बाहेर फेकतो. एकदा निळी स्क्रीन आली, क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. हे स्थिर म्हणायचं की नाही?

तापमापी

नाही म्हणायचं. सिनेबेंच पार होणं म्हणजे उंबरठा ओलांडणं. निळी स्क्रीन तर बरी, ती निदान सांगून येते. मी एकदा असाच 'जवळजवळ स्थिर' मशीनवर दोन महिने फोटो झिप करून साठवत होतो. पुढे उघडायला गेलो तर काही फायली खराब. हिशोब चुकत होता आणि तो कुठेही ओरडत नव्हता. बॅकअप घेतल्याशिवाय हा खेळ खेळू नका, आणि चाचणी चालू असताना विंडोज अपडेट किंवा बायोस अपडेट अजिबात नको.

आता शोध कसा घ्यायचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत डब्ल्यूएचइए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी) बघा. १९ नंबरची नोंद म्हणजे चूक झाली पण सावरली, १८ म्हणजे सावरता आली नाही. १९ दिसायला लागल्या की मशीन तोल सांभाळतंय असं समजा, पडायच्या आधीच मागे या.

चाचणीला प्राइम९५ किंवा ओसीसीटी. प्राइममधली 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी भयंकर तापवते, पहिली पाच मिनिटं तापमानावरून नजर हलवू नका. ९५ ही या चिपची हद्द आहे. तिथे पोचला तर तो मोडणार नाही, स्वतःच वेग उतरवेल, पण मग तुम्ही नेमकं काय तपासताय?

आणखी एक. बायोसमध्ये १.३० लिहिलंत म्हणून भार पडल्यावर १.३० मिळतच असेल असं नाही. भाराखाली व्होल्टेज खचतं. ते किती भरून काढायचं ते लोड लाइन कॅलिब्रेशन ठरवतं. मधली पातळी ठेवा. सगळ्यात कडक ठेवली की भार सुटल्याक्षणी व्होल्टेज वर उसळी घेतं, आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोला दिसतसुद्धा नाही. बोर्डागणिक पातळ्यांचे आकडे उलटसुलट असतात, कुठे १ म्हणजे कडक तर कुठे ८, तेव्हा बायोसमधला छोटा आलेख बघून ठरवा.

जुनाखिळा

१.३० वर ४६ धरत नसेल तर ४५.५. हट्ट नको.

नवाकोरा

४५.५ वर रात्रभर प्राइम चाललं, एकही चूक नाही. काका, तुमची परीक्षा पास. आता ताईंची. मागचं सगळं पुसलं, पीबीओ चालू, सगळ्या कोअरना उणे ३०, वर १०० मेगाहर्ट्झ जादा.

आणि काय सांगू! ११,६००. एका कोअरचा १,६०५. तापमान ७३. प्राइम रात्रभर चाललं. काका हरले!

नवाकोरा

(दुसऱ्या दिवशी)

आधीचा प्रतिसाद मागे. मशीन नुसतं बसलं होतं, ब्राउझरसुद्धा उघडा नव्हता, आणि रीस्टार्ट झालं. सकाळपासून तीनदा. रात्रभर राबून काही होत नाही आणि रिकामं बसल्यावर पडतं?

रात्रपाळी

तेच तर. सगळ्यांना उणे ३० लावा असं मी म्हटलं नव्हतं बरं का. :)

भार जड असतो तेव्हा कोअर ४.५-४.६ वर असतात आणि तिथे तुमच्या कमी केलेल्या व्होल्टेजात भागतं. रिकाम्या वेळी एखादं बारीकसं काम येतं, एकच कोअर क्षणभर ४.७५ वर उडी मारतो, आणि त्या उंचीवर त्याला उणे ३० पुरत नाही. म्हणून प्राइमची रात्र इथे उपयोगाची नाही. कोअरसायकलर वापरा, तो एकेका कोअरला पाळीपाळीने एकटं पळवतो.

तीन रीस्टार्टच्या १८ नंबरच्या नोंदी उघडा, त्यात एपीआयसी आयडी असेल. प्रत्येक कोअरचे दोन धागे, म्हणून सहसा ० आणि १ म्हणजे कोअर ०, २ आणि ३ म्हणजे कोअर १, असं. जो कोअर सापडेल त्याला पाच अंक मागे आणा, म्हणजे उणे ३० चा उणे २५ करा. बऱ्याचदा चिपचे सगळ्यात चांगले कोअरच कमी सहन करतात, कारण त्यांना कारखान्यातूनच कमी व्होल्टेज मिळालेलं असतं. त्यांच्याकडून अजून काय काढणार?

आणि स्कोअर बघत राहा. नुसता वेगाचा आकडा फसवतो. व्होल्टेज कमी पडलं की हा प्रोसेसर वरवर ४.७ दाखवतो आणि आतून ठोके लांबवतो. एचडब्ल्यूइन्फोमधला 'इफेक्टिव्ह क्लॉक' खरा.

नवाकोरा

तीनही नोंदींत आयडी ४ किंवा ५. म्हणजे कोअर २. रायझन मास्टरमध्ये (एएमडीच्या प्रोग्रॅममध्ये) त्याच्यापुढेच तारा आहे, सगळ्यात चांगल्या कोअरचा!

रात्रपाळी

बघा. वर्गातला हुशार मुलगा.

शंकासुर

मी गप्प बसणार होतो. पण एवढ्या प्रतिसादांत कोणी विचारलं नाही म्हणून विचारतो. नवाकोरा, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग किती दिसतो?

नवाकोरा

२१३३. का?

तापमापी

अरे देवा.

शंकासुर

रॅमच्या पट्टीवर काय छापलंय?

नवाकोरा

३६००. :(

जुनाखिळा

खिक्.

रात्रपाळी

सीमॉस पुसताना गेलं असेल का प्रोफाइल? काहीही असो, बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा आणि फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्याचा) वेग १८०० आहे ना ते बघा. ३६०० ची रॅम आणि १८०० चं फॅब्रिक एकास एक चालतात, या पिढीला तेच सगळ्यात मानवतं. आणि हो, तेही ओव्हरक्लॉकच आहे, तेव्हा मेमटेस्ट (रॅमची चाचणी) आधी. कर्व्ह तोवर शून्यावर ठेवा, नाहीतर कोण चुकतंय ते कळणार नाही.

नवाकोरा

प्रोफाइल कधी लावलंच नव्हतं, मशीन जोडल्यापासून. ते लावलं आणि ज्या गेममध्ये गर्दीच्या जागी अडखळायचं तिथे आता अडखळत नाही. आठ दिवस कर्व्हमागे पळून जेवढा फरक जाणवला नाही तेवढा एका क्लिकने जाणवला. शंकासुर, तुम्हाला दंडवत.

नवाकोरा

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, शेवटचा हिशोब द्यायचा राहिला होता. रॅम ३६००, मेमटेस्टचे चार फेरे स्वच्छ. पीबीओ चालू, जादा ५० मेगाहर्ट्झ. कर्व्ह असा: कोअर ० उणे २०, १ उणे २५, २ उणे ८, ३ उणे २५, ४ उणे १५, ५ उणे २५. कोअर २ ने फार छळलं, उणे १० वरसुद्धा पाचव्या दिवशी एक १८ नंबर आली. उणे ८ वर सोळा दिवस झाले, नोंदी कोऱ्या.

घरी काल सांगितलं. "म्हणजे आधी चालत होता तसाच चालतोय ना?" असं विचारलं.

जुनाखिळा

काय उत्तर दिलंस?

नवाकोरा

हो म्हटलं.

जुनाखिळा

:) माझ्याकडेही एक ५६००एक्स पडून आहे. रात्रपाळी, ते कर्व्हचं पान बायोसमध्ये नेमकं कुठे असतं? मला सापडेना.